थोडं अ‍ॅडजस्ट

निपाणी-बेळगाव बसमध्ये तिघींच्या बाकावर चौथी बाई अर्धी टेकते आणि म्हणते, "स्वल्प अडजस्ट माडी." आपण सरकायचं. कॉलेजात एखादे सर रजेवर गेले, की त्यांचा तास मी अ‍ॅडजस्ट करायचा. आमच्या शिंप्याकडे तर बिघडलेला ब्लाउजसुद्धा अ‍ॅडजस्ट होतो, फक्त श्वास आपण जपून घ्यायचा. इंग्रजांनी हा शब्द कशासाठी केला होता देव जाणे, आमच्या भागात त्याच्यावाचून पान हलत नाही.

गेल्या रविवारी चिकोडीहून सन्मती आणि त्याची आई मला बघायला आले. मुलगा मला आधीच आवडला होता. फोनवर दोनदा बोलणं झालं होतं आणि तो समोरच्याचं ऐकून घ्यायचा, ही काही छोटी गोष्ट नव्हे. चारला येणार होते, हायवेच्या कामात अडकून साडेपाचला पोचले. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यात थंडीचे दिवस. त्यामुळे चहा, ओळख, प्रश्न सगळं बाजूला ठेवून थेट पानंच वाढली. आई तव्यावरून पुरणपोळ्या काढत होती, मी वाढत होते.

जेवता जेवता सन्मतीची आई म्हणाली, "पोरगी लई आवडली बघा. फक्त ती बेळगावची नोकरी... घरी यायला साडेसात. आमच्यात सांजचं जेवण सहाच्या आत. सैपाक कोण करणार? तेवढं अ‍ॅडजस्ट करून घेऊ दे."

"करंल की," आप्पा लगेच म्हणाले. माझ्या वडिलांचा होकार कायम खिशातच असतो.

सन्मतीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मीही विरघळले होते. चिकोडीत काय कॉलेजं नाहीत, असं मनात चालू झालं होतं. हो म्हणायच्या आधी पोळ्यांचं रिकामं ताट ठेवायला आत गेले. खिडकीबाहेर दिवस मावळला होता. आईनं गॅस बंद केला होता आणि ती स्वतःचं कोरडं ताट मांडणीत परत लावत होती.

"आई, तू?"

"असू दे गं. उद्या सकाळीच आता. मला काय, सवय हाय."

माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन म्हणाले, "मी नोकरी सोडणार नाही. आत माझी आई उपाशी राहिलीय. मला असलं अ‍ॅडजस्ट जमणार नाही." आप्पा हात धुवायचे विसरले. पाहुणे बडीशेप न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी आठच्या बसनं निघाले, तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते. लग्न मोडल्याचं वाईट वाटत होतं, पण आईसाठी बोलले होते ना! संकेश्वरच्या पुढं सन्मतीचा फोन आला. मी भांडायच्या तयारीनंच उचलला.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "आई जेवल्या का?"

सकाळचं गरम उप्पीट आईनंच करून दिलं होतं, डबाही तिनंच भरला होता. मी घाईघाईनं खाऊन निघाले होते. तिनं काही खाल्लं का, हे मी विचारलंच नव्हतं.

मला भयंकर लाज वाटली.

"थांबा," मी म्हणाले, "विचारून सांगते."