कुलपाच्या भोकातला डोळा

कुलपाचं भोक किल्लीसाठी असतं, हे मृदुलाला कळत नव्हतं असं नाही. पण अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली की ती वाकून त्यातून एकदा तरी आत बघायचीच. चार वर्षांची स्वराली कूलरच्या जाळीत बोटं घालत नाही ना! स्वरालीला तो खेळच वाटे. तीही आतून डोळा लावी.

त्या दुपारी मृदुला वाकली, तर भोकात काळोख. स्टुलावर चढून पोरीने खिळ्यावरची किल्ली काढली होती आणि दार आतून लावून घेतलं होतं.

"स्वरा, किल्ली उलटी फिरव बाळा."

"नहीं खोलूँगी!" शेजारच्या पोरांत खेळून स्वराली हिंदीतच बोले.

सासूबाई विमलाबाई अंगणात तुळशीपाशी. म्हणजे त्याही बाहेरच. दुसरी किल्ली नवऱ्याच्या, मिलिंदच्या खिशात, आणि मिलिंद रेल्वेच्या ड्यूटीवर, गाडीबरोबर मऊरानीपूर स्टेशनच्या पुढे कुठेतरी.

शेजारचे जयसिंग धावत आले. "भाभीजी, टेंशन मत लो. दरवाज़े के नीचे अख़बार सरकाओ, तार से चाबी गिराओ, खींच लो. बस!"

पेपर आत जाईना. रेल्वेच्या क्वार्टरला मुळात उंबराच नव्हता. विमलाबाईंनी गेल्या पाडव्याला हौसेने सागाचा ठोकून घेतला होता, दाराला अगदी घासून.

"आई, तुमचा हा उंबरा!"

"मग? उंबऱ्याशिवाय घर म्हणजे वेटिंग रूम. हळदीकुंकू काय फरशीला वाहू?"

आत कूलर घरघरत होता. मृदुलाने भोकाला तोंड लावून चॉकलेट कबूल केलं, मग पप्पांच्या नावाने दटावलं. आतून नुसतं खुदुखुदु. तेवढ्यात किल्ली निघाली आणि भोकात टपोरा डोळा आला.

"मम्मी दिख गई!"

"तू दिसतेस तोवर ती कशाला उघडेल?" विमलाबाई म्हणाल्या. "हो बाजूला."

"आणि कूलरला हात लावला तर?"

"इथून काय डोळ्यांनी धरणारेस तिचा हात?"

मृदुला भिंतीला चिकटून उभी राहिली, ओढणीचं टोक दातांत धरून.

"मम्मी?... आजी?"

जयसिंग ओ देणार, तोच विमलाबाईंनी डोळे वटारले. आत पावलं लांब गेली. मृदुला झेपावली, सासूबाईंनी मनगट घट्ट धरलं. पावलं परत आली. किल्ली कुलपावर चुकली, पुन्हा चुकली, मग खट्!

"कहाँ चली गई थीं?"

मृदुलाने तिला उचलून आधी दहाही बोटं तपासली. दटावायचं राहूनच गेलं.

"अब तुम अंदर, मैं बाहर," स्वराली म्हणाली. तोवर जयसिंगांनी किल्ली काढून घेतली होती.