घरटी एक माणूस

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, पेणला रामवाडीत हमरस्त्याच्या कडेला भंगाराचं एक दुकान आहे. तिथे मोडक्या सायकली आणि गंजलेली पिंपं यांच्यामध्ये मी तोंड खाली करून पडलो आहे. भोंग्याला तोंडाशिवाय दुसरं असतं काय? तेच मातीत गेलं. तरी वाकून ऐकणार असाल तर सांगतो. गोड गोष्ट हवी असेल, तर मात्र पुढचं दुकान बघा.

माझा जन्म मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून रोह्याच्या हैबतराव मंडपवाल्यांनी मला आणलं. लग्नात, सत्यनारायणाला, शाळेच्या संमेलनात मी गळा मोकळा करून ओरडत असे. मग नगरपालिकेची निवडणूक लागली आणि मला रिक्षाच्या टपावर बांधलं गेलं. सकाळी मी छत्रीचा प्रचार करायचो आणि संध्याकाळी पतंगाचा. मधल्या वेळात हैबतराव फक्त रिक्षावरचं कापड बदलत. पक्षांची खरी नावं मी सांगत नाही, आणि ही चिन्हंही बदलून सांगतो आहे. भंगारात का होईना, मला सुखाने राहायचं आहे.

मतमोजणीच्या दिवशी निकाल मीच ओरडून सांगितले. छत्रीवाले गुलालात न्हाले, पतंगवाले मागच्या गल्लीने घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोघेही एकाच टपरीवर चहा पीत होते आणि एकमेकांना चिमटे काढत होते. मला वाटलं, निवडणूक म्हणजे हे असंच असतं. तेव्हा मी फार भोळा होतो.

पुढे हैबतरावांनी नवे भोंगे घेतले आणि मला धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावाला विकलं. गावाचं नाव विचारू नका. तिथली माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, त्यात माझी भर नको.

त्या गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली होती. मध्ये होता तो फक्त मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला पाणी त्या बांधाला धडका देतं आणि कुठेतरी भगदाड पाडतं. त्याला तिथे खांड म्हणतात. खारं पाणी एकदा आत शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही. म्हणून गावाची एक जुनी रीत होती. खांड पडली की हाक द्यायची आणि घरटी एक माणूस बांधावर आलंच पाहिजे. माणसं रांगेने उभी राहत आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत. खांडीजवळची माती आधीच वाहून गेलेली असे, त्यामुळे चांगला चिखल लांबून आणावा लागे. रांग जेवढी लांब, तेवढी ती खांड लवकर बुजायची.

बांधावर नजर ठेवणारे महिपतीबाबा आधी नुसत्या तोंडाने हाक देत. त्यांचा घसा बसू लागला, म्हणून वर्गणी काढून मला आणलं आणि मारुतीच्या देवळावर चढवलं. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. पहिल्याच पावसाळ्यात मी ओरडलो, "खांड पडली हो, घरटी येक मानूस या." तेव्हा चुलीवरचा भात तसाच टाकून माणसं धावली. बायजा नावाची एक विधवा बाईही पदर खोचून निघाली. कुणीतरी तिला अडवलं. "बायमानूस कशाला?"

महिपतीबाबांनी माझ्यातूनच उत्तर दिलं, साऱ्या गावाला ऐकू गेलं. "घरटी येक मानूस म्हनलंय. ती मानूस नाय का?"

बायजा रांगेत उभी राहिली. खांडीच्या अगदी तोंडाशी तिचं शेत होतं, आणि घरात दुसरं होतं कोण? नंतर प्रत्येक दसऱ्याला ती मला झेंडूची माळ घाली. माझं कौतुक करणारी बहुतेक ती एकटीच असेल, पण मला तेवढं पुरत होतं.

सत्त्याण्णव साली जिल्हा परिषदेची निवडणूक आली. गावातला जगन छत्रीचा आणि गोविंदा पतंगाचा. हा गोविंदा म्हणजे बायजाचा सख्खा दीर. दोघेही चांगली कष्टाळू माणसं होती, बांधावर खांद्याला खांदा लावून उभी राहणारी. दोन्ही उमेदवार गावाबाहेरचे होते. दोघांनीही बांध दगडाचा करून देतो असं सांगितलं आणि दोघांसाठीही गावाने टाळ्या वाजवल्या.

आमच्या गटात छत्री निवडून आली. रोह्याकडे पतंगाने बऱ्याच जागा घेतल्या आणि जिल्ह्यात कुणालाच धड बहुमत मिळालं नाही. पण जिल्ह्याचं कोण बघतो? गावात गुलाल उधळला गेला. जगनने शिडी लावून मला पिवळा रंग फासला आणि वर छत्री काढली. मला कुणी विचारलं नाही. मग त्याने माईक हातात घेतला.

"गोविंदाच्या आळीनं पतंग उडवलाय," तो म्हणाला. "आता बांधाला माती लागली का त्याच पतंगाचा दोरा धरा. या भोंग्याखाली येऊ नका."

जगनची माणसं खूप हसली. संध्याकाळी गोविंदाच्या आळीतले सगळे देवळात आले. त्यांनी मारुतीपुढे नारळ ठेवला आणि शपथ घेतली, की या भोंग्याच्या हाकेला आपल्या घरातलं माणूस उठणार नाही. ती शपथ माझ्या खालीच घेतली गेली. मी वर पिवळा होऊन ऐकत होतो आणि मला जगनचाही राग आला, गोविंदाचाही आला.

श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी, पाऊस कोसळत असताना, बायजाच्या शेतालगत बांध फुटला. महिपतीबाबा धावत देवळात आले आणि मी जीव तोडून ओरडलो. जगनच्या बाजूची माणसं टोपल्या घेऊन पळाली. गोविंदाच्या आळीत माणसं दारात उभी होती. ती आतही जाईनात आणि बाहेरही पडेनात.

गोविंदाची ओटी देवळासमोरच आहे, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलं. बायजा चिखलाने माखून धावत आली.

"भावजी, चला लवकर. पानी शेतात शिरतंय. तुमचं शेत पन त्याच पान्यात हाय."

"हाय गो, मना ठावं हाय," गोविंदा म्हणाला. "पन नारल ठेवलाय देवाम्होरं. त्या भोंग्याच्या हाकेवर पाय उचलला तर आलीत तोंड कसं दावू?"

"भोंग्याचं ऱ्हावंद्या. मी बोलवायला आलंय ना. मी तुमची कोन नाय का?"

गोविंदाने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते. शपथ फक्त भोंग्याच्या हाकेपुरती होती, बायजाच्या हाकेला कसली बंदी नव्हती. हे त्यालाही कळत होतं. पण शेजारच्या ओटीवरून आळी बघत होती. तो बसूनच राहिला, आणि बायजा आली तशी परत गेली.

बांधावर रांग लागली, पण ती चिखलापासून खांडीपर्यंत पुरली नाही. मध्ये जिथे गोविंदाची आळी उभी राहायची, तिथे माणसंच नव्हती. तेवढ्या अंतरात गोळे घेऊन धावावं लागलं. एक गोळा पडेपर्यंत आधीचा वाहून जात होता. भरती टिपेला गेली आणि खांड एवढी रुंदावली, की तिच्यातून होडी आत यावी. बायजाचं शेत गेलं. गोविंदाचं गेलं, जगनचंही गेलं. पाण्याने कुणाचं मत विचारलं नाही.

साहेब आले, टेप लावून गेले. निवडून आलेला सदस्य आला आणि खांडीपाशी उभा राहून फोटो काढून गेला. पुढच्या वर्षी सभापतिपदासाठी त्याने छत्री मिटली आणि पतंगवाल्यांत जाऊन बसला. म्हणजे आता जगनचा पुढारी गोविंदाच्या पक्षात होता. ज्याच्यासाठी गाव फुटलं, त्याने कूस बदलावी तसा पक्ष बदलला. गावात मात्र जगन आणि गोविंदा विहिरीवर समोरासमोर आले तरी बोलत नव्हते.

त्या उन्हाळ्यात बायजा शिडी लावून वर चढली. राख आणि काथ्या घेऊन तिने मला घासघासून घासलं. पिवळा रंग गेला, छत्री गेली, आतलं पांढरं अंग उघडं पडलं. अष्टमीच्या आसपासच्या, म्हणजे भांगाच्या, भरतीला पाणी नरम असतं, सगळे आले तर खांड तेव्हाही बुजली असती. बायजाने माईक हातात घेतला.

"मी बायजा बोलतंय. घरटी येक मानूस या."

माणसं दारात आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. खालून कुणीतरी विचारलं, "कंच्या बाजूनं बोलवतेस गो?"

बायजाने माईक ठेवला आणि टोपली उचलली. याचं उत्तर तुम्हाला तरी सुचलं असतं का? एकटे महिपतीबाबा टोपली घेऊन आले. म्हातारा आणि ती बाई दिवसभर खांडीत चिखल टाकत राहिली. संध्याकाळच्या भरतीने तो सगळा नेला.

मग दोन्ही आळ्यांची बैठक देवळात भरली. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच सगळे एका चटईवर बसले, आणि मला वेड्यासारखी आशा वाटली. एकाने म्हटलं की गावातलं भांडण या भोंग्यापासून सुरू झालं. दुसऱ्या बाजूने लगेच माना हलवल्या. खांडीचा विषय निघाला नाही. भोंगा काढून टाकायचा, असं ठरलं. जगनने हात वर केला, गोविंदानेही केला. इतक्या निवडणुका मी पाहिल्या, पण एकमताने पडलेला मी एकटाच.

बायजा आता पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासते. तिच्या शेतात खारफुटी वाढली आहे. कामावरून जाताना कधीतरी ती इथे थांबते, माझ्यावरची धूळ पदराने पुसते आणि निघून जाते.

काल समोरच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. पुन्हा निवडणूक लागली आहे. टपावर एक कोवळा, चकचकीत भोंगा होता आणि बांध दगडाचा करून देतो म्हणून ओरडत होता. त्याचा मला राग आला नाही, कीव आली.

मित्रांनो, मला उचलून न्या, रंग द्या, असं मी म्हणत नाही. माझं झालं ते झालं. पण तुमच्या गावातही एखादा बांध असेल आणि कधीतरी तुम्हालाही हाक येईल. तेव्हा आधी रांगेत उभे राहा. कुणी हाक मारली, ते चिखलाचा गोळा पुढे देता देता विचारा.