न्हाणीतला हंडा

कस्तुराबाईच्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या भिंती धुरानं काळ्याठिक्कर होत्या आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मेंढरांमागे हिंडण्यात अर्धा जन्म गेलेली बाई, तिला मुळात भिंतच नवी होती. चितेगावला कारखाने आले, रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला, आणि तिच्या नवऱ्यानं, मल्हाररावांनी, मेंढरं विकून सिमेंटच्या खोल्या बांधल्या. काही स्वतःला ठेवल्या, दोन भाड्यानं दिल्या. त्यातल्या एका खोलीत मी, माझा नवरा रामकिसन आणि आमची लहान पोर.

ही खोली कशी मिळाली तेही सांगते. आधी आम्हाला बऱ्याच घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं होतं. नाव विचारायचे, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला ते विचारायचे, आणि मग त्यांची खोली एकदम पाहुण्यांसाठी लागायची. मल्हाररावांनी फक्त आडनाव विचारलं. रामकिसन म्हणाला, "जाधव." ते म्हणाले, "आस्सं, जाधव का," आणि किल्ली दिली. जाधव सगळ्या जातींत असतात. त्यांना हवं ते त्यांनी समजून घेतलं, आम्ही दुरुस्त करायला गेलो नाही. बाबासाहेबांचा फोटो मी साडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. त्यात मल्हाररावांचा पुतण्या कारखान्याला माणसं पुरवणारा ठेकेदार, त्यानंच रामकिसनला कामावर लावलं. म्हणजे छप्पर आणि भाकर, दोन्ही एकाच घराच्या हातात. तोंड उघडायची सोय नव्हती, आणि माझं तोंड तर जन्मापासून उघडं.

तोंड बंद ठेवायचं म्हणून मी हात चालवले. कस्तुराबाई एकदा चिंधी घेऊन भिंत वरून खाली पुसत होती आणि काळे ओघळ बघून भिंतीलाच शिव्या देत होती. मी म्हटलं, "भिंत नेहमी खालून वर धुवायची. वरून धुतली की काळं पाणी कोरड्या भिंतीवर उतरतं आणि त्या रेघा जन्मात निघत नाहीत. कोमट पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चिंधी पिळून घ्या." तिनं चिंधी माझ्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत भिंतीचा मूळचा रंग दिसायला लागला, तो पिवळा होता हे तिलाच आठवत नव्हतं.

तेव्हापासून तिला माझं वेडच लागलं. डब्यांवरचा चिकट थर रॉकेलच्या बोळ्यानं आधी पुसायचा, मग साबण. घोंगडीला गरम पाणी दाखवायचंच नाही, आटते. रिठ्याच्या गार पाण्यात बुचकळायची आणि न पिळता सावलीत टाकायची. पातेलं चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून मातीचा ओला हात फिरवायचा, म्हणजे काजळी पातेल्याला न धरता मातीला धरते. हे सगळं मी सांगायचे आणि ती गल्लीभर मिरवायची, "आमच्या भामाचा हात लई सोच्छ." तिच्या देव्हाऱ्यातले टाकसुद्धा मीच उजळून दिले. खंडोबा माझ्या हातात नीट चकाकला, त्यानं काही आडनाव विचारलं नाही.

"कुठं शिकलीस गं हे समदं?" ती विचारायची.

"आईकडं," मी सांगायचे. आई कुठं शिकली ते सांगत नव्हते.

आई शिकली आमच्या घराच्या राखेत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमच्या गावाचं नाव मी घेत नाही. त्या गावानं आमचं कधी नीट घेतलं नाही. वस्ती पेटवली तेव्हा आम्ही ओढ्यात लपलो होतो. परत आलो तर भिंती तेवढ्या उभ्या. बाप एका दगडावर बसून राहिला, आणि आई, चंपाबाई, पदर खोचून राख उकरायला लागली. ताटल्या निघाल्या, तवा निघाला, वाकलेली परात निघाली. सगळं कोळशासारखं. आई ते ओढ्यावर नेऊन घासायला बसली. राखेला तोटा नव्हता. पितळेवरची काजळी कशानं निघते, कशानं नुसती पसरते, हे तिनं तेव्हा एकेका भांड्यावर करून बघितलं आणि मी शेजारी बसून पाणी ओतलं. माझी सगळी विद्या तिथली आहे.

एक हंडा मात्र सापडला नाही. बापानं खडी फोडून घेतलेला पितळी हंडा, त्यावर आईचं नाव घातलेलं. आमच्या वस्तीत नाव घातलेलं भांडं तेवढं एकच होतं. मी एकदा तो विहिरीवर आपटला होता, काठाखाली पोचा आला होता, आणि आईनं मला सडकून काढलं होतं. लोक म्हणाले, वितळला असेल. आई म्हणाली, "पितळ वितळलं तर गोळा ऱ्हातो. गोळा कुठंय? त्यो जळाला नाय, कुणीतरी नेला." घर गेलं त्यावर ती कधी रडली नाही. हंडा कुणाच्या तरी घरात आहे आणि त्यात कुणाचं तरी पाणी तापतंय, यावर ती पुढं वर्षानुवर्षं जळत राहिली. बापाच्या अंत्ययात्रेला लोक जमले तेव्हासुद्धा तिनं दोघांना विचारलं होतं.

तर त्या जानेवारीत कस्तुराबाईच्या लेकीचं, बानाचं लग्न ठरलं. कस्तुराबाई म्हणाली, "न्हाणीतला हंडा चांगला जाडजूड हाय. आसा माल आता मिळत नाय. तेवढा उजळून दे, बानाला आहेरात देते." न्हाणीच्या चुलीवर वर्षानुवर्षं पाणी तापवून त्या हंड्यावर बोटभर काजळीचा थर चढला होता. हंडा आहे की काळा दगड, कळत नव्हतं. मी त्याला सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट गुंडाळून ठेवलं. थर मऊ पडला तसा नारळाच्या शेंडीनं आणि विटेच्या भुकटीनं काढत गेले. मग चिंच आणि मीठ. चिंच लावून बसायचं नसतं, लगेच धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर पितळ पुन्हा काळवंडतं.

काठाखाली घासताना बोट पोच्यात गेलं. मी पोचा घासला, पुन्हा घासला. मग अक्षरं आली, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली. चंपाबाई सखाराम पगारे.

मला रडू आलं नाही. राग आला, असा की तो हंडा उचलून कस्तुराबाईच्या पिवळ्या भिंतीवर आपटावा. तेवढ्यात ती आलीच. "आगंबाई, सोनंच की गं! आन् हे काय लिवलंय?" तिला वाचता येत नव्हतं. मी खोलीकडं बघितलं. दोरीवर रामकिसनचा कारखान्याचा शर्ट वाळत होता.

"दुकानदाराचं नाव असंल," मी म्हणाले.

"आसू दे. भांडेवाला जुनं नाव ठोकून काढतो आन् बानाचं घालून देतो."

रामकिसनला सांगितलं. तो म्हणाला, "हंडा घ्यायचा का काम घ्यायचं, तू सांग." मी त्याचा वाळलेला शर्ट घडी करून ठेवला.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मागितलं होतं नामांतर, मिळाला विस्तार, तोही इतक्या वर्षांनी. तरी गावोगावची माणसं ट्रक भरभरून विद्यापीठाच्या कमानीकडं चालली होती. आम्ही दार लावून खोलीत बसलो होतो. मी आईला मुद्दाम निरोप दिला होता की इकडं येऊ नको. पण दुपारी ती आलीच, कमानीवरून थेट, धुळीनं माखलेली. छातीवरची निळी फीत तिनं पदराखाली झाकली होती. माझ्यासाठी झाकली होती, नाहीतर ती बाई काही झाकणारी नव्हे.

कस्तुराबाईनं कौतुकानं तिला अंगणात बसवलं आणि हातावर तिळगूळ ठेवला. मल्हारराव बाजेवर होते. आणि उंबऱ्याशी, उन्हात, नाव घालायला न्यायचा म्हणून हंडा काढून ठेवला होता.

आईनं तिळगूळ तोंडात टाकला आणि चावायची थांबली. उठली, हंड्यापाशी जाऊन बसली आणि न बघता काठाखाली बोट फिरवलं. पोचा लागला तसं तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. डोळ्यांनी खोली दाखवली, दोरीवरचा शर्ट दाखवला. आई गप्प राहिली. सगळ्या जन्मात मी तिला गप्प बसलेली बघितली नव्हती आणि ती माझ्यामुळं बसली होती.

"तुमच्या लेकीनंच घासलाय," कस्तुराबाई म्हणाली. "आता माझ्या बानाचं नाव घालणार."

"आधीचं कुणाचं हाय?" आईनं विचारलं.

"दुकानदाराचं. भामाच म्हणली."

आईचा चेहरा मारल्यासारखा झाला. मग ती अगदी हळू म्हणाली, "व्हय का? वाच बरं भामे. मला कुठं येतंय वाचता."

मला तिनंच शाळेत घातलं होतं. घर जळालं त्या सालीसुद्धा शाळा सुटू दिली नव्हती. मी पुढं झाले आणि मोठ्यानं वाचलं, "चंपाबाई सखाराम पगारे."

"ही चंपाबाई कोण?" कस्तुराबाई म्हणाली.

"मी," आई म्हणाली. "ह्यो माझा हंडा हाय. आमची वस्ती जाळली तव्हा गेलेला."

मल्हारराव बाजेवर उठून बसले. "आम्ही नाय चोरला, बाई. मेंढरं घिऊन हिंडत व्हतो. वाटंवरच्या एका गावात मालकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, त्यानं दाण्याच्या बदली ह्यो हंडा दिला. जळका व्हता."

"जळका का व्हता, इचारलं नाय?"

"तव्हा समद्याच गावांत जळत व्हतं," मल्हारराव म्हणाले. "नाय इचारलं."

मला वाटलं, आता कस्तुराबाई काहीतरी बोलेल. माझा हात लई सोच्छ म्हणणारी, रोज माझ्या हातचा चहा पिणारी बाई. निदान नवऱ्याला तरी दोन शब्द सुनावील. तिनं आईच्या पदराकडं बघितलं. पदर सरकला होता आणि निळी फीत दिसत होती.

"म्हंजी तुमी... पगारे म्हंजी..." ती म्हणाली. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेली, डब्यांवर गेली, देव्हाऱ्यावर जाऊन थांबली. आणि परत हंड्यावर आली. "आगं माय! पंधरा वर्सं म्या ह्याच्यातल्या पाण्यानं न्हाले!"

"मग?" आई म्हणाली. "काय झालं व्हतं का तुला?"

कस्तुराबाईनं कोपऱ्यातला खराटा घेतला आणि त्याच्या बुडख्यानं हंडा आमच्याकडं ढकलला. हंडा कलंडून गडगडत माझ्या पायाशी आला. "न्या," ती म्हणाली, "न्या त्यो, माझ्या दारात नगं." चोरीचा म्हणून नाही, आमचा म्हणून परत दिला. आईनं इतकी वर्षं मागितलेली वस्तू तिला अशी मिळाली. तिनं ती उचलली, पदरानं पुसली आणि कडेवर घेतली.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं रामकिसनला फाटकावरूनच परत पाठवलं. आडनाव जाधवच होतं, पण आता ते दुसरे जाधव झाले होते. खोली सोडायला मल्हाररावांनी चार दिवस दिले आणि आम्ही ते घेतले नाहीत. हातगाडीवर सामान चढवलं. पेटीतला फोटो मी बाहेर काढला आणि सामानाच्या सगळ्यात वर, लोकांना दिसेल असा, बांधला. हे आधीच करायला हवं होतं असं रामकिसन म्हणाला नाही, त्याचे उपकार.

कस्तुराबाई दारात उभी होती, दोन दिवस माझ्याशी एक शब्दही न बोललेली. तिच्या हातात बादली होती आणि खांद्यावर चिंधी. गाडी हलणार तेवढ्यात, केवळ सवयीनं, ती म्हणाली, "भामे, ही खोली आता धुयाची कशानं?"

म्हणाली आणि स्वतःच चपापली. बाना मागून "आय!" म्हणून ओरडली.

मी तिला खरं तेच सांगितलं. "सोडा टाका. भिंती खालून वर घ्या. फरशीला पाणी मात्र कढत पाहिजे, गार पाण्यानं काही निघायचं नाही."

मग गाडीवरच्या हंड्यावर थाप मारली आणि म्हटलं, "पण पाणी तापवणार कशात?"