मागच्या बाजूचा स्क्रू

“धाकट्याला गळती सापडली नाही,” गाडीतून उतरत बाबा म्हणाले. “म्हणाला, दादाकडे घेऊन जा.”

मी हातातला पाना खाली ठेवला. चेहऱ्यावर काळजी आणली, पण आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली शिकला आणि आता त्याचं गॅरेज माझ्या तिप्पट आहे. दोन लिफ्ट, काचेची केबिन, गिऱ्हाइकांना बसायला सोफा. बाबा राहतात त्याच्याकडे आणि बोलतातही त्याच्याचबद्दल. भावाचं चांगलं झालं की आनंद होतो म्हणतात. मला होत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

गाडी बाबांचीच, जुनी. दर चार दिवसांनी इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी व्हायचं, पण जमिनीवर थेंब दिसायचा नाही. टोपण उघडण्याइतकं इंजिन निवल्यावर मी रेडिएटरला हातपंप लावून दाब भरला. पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा जराही खाली आला नाही, म्हणजे गळती दिसेना.

धाकट्याकडेही असंच झालं, असं बाबा म्हणाले. मी मनात हसलो. इंजिन कोमट असेपर्यंत पाइपाचं रबर फुगलेलं असतं आणि बारीक फट बुजून जाते. पूर्ण गार झाल्यावरच ती उघडी पडते. हे मीच त्याला शिकवलं होतं. सोफ्यावर बसून विसरला असणार.

दुपारपर्यंत थांबलो. जेवताना बाबांनी धाकट्याच्या नव्या मशीनचं कौतुक केलं. मी ताटाकडे बघत ऐकून घेतलं. आज संध्याकाळी त्यांना दुसरं काहीतरी बोलायला मिळणार होतं.

जेवण झाल्यावर पुन्हा दाब भरला. या वेळी काटा हळूहळू खाली यायला लागला. मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. रेडिएटरच्या खालच्या पाइपाच्या तोंडाशी वाळलेल्या कूलंटचा हिरवट थर होता आणि त्यातून एक थेंब सरकत इंजिनाखाली बसवलेल्या पत्र्यात पडत होता, जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. पाइपाभोवतीची क्लिप सैल होती. तिचा स्क्रू मागे, इंजिनाकडे वळवलेला होता.

असा स्क्रू फक्त मी लावतो. दुसऱ्या कुणाचा पाना माझ्या कामाला लागू नये म्हणून. चार वर्षांपूर्वी हा पाइप मीच बदलला होता. त्या अडचणीत हात नीट पोचला नाही आणि शेवटचा अर्धा आटा आवळायचा राहून गेला.

क्लिपच्या शेजारी पाइपावर पांढऱ्या मार्करचा छोटा गोल होता. ताजा. दोष सापडला की असा गोल करायचा, ही सवय धाकट्याला मीच लावली होती.

मी तसाच पाठीवर पडून राहिलो.

“सापडलं का रे?” बाबांनी वरून विचारलं.

“सापडलं.”

मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्या तेलकट खांद्यावर हात ठेवला. “मला ठाऊक होतं. तुझा हातच वेगळा.”

हे वाक्य ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो. बाबांनी लगेच धाकट्याला फोन लावला आणि दादानं शोधून काढलं म्हणून मोठ्यानं सांगितलं. त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

“मग, दादाच तो. मला तर काही सुचलंच नाही.”

किती सहज खोटं बोलला. त्याच्या जागी मी असतो तर बाबांना हाताला धरून गाडीखाली नेलं असतं आणि ती क्लिप दाखवली असती. त्याच्या लिफ्टचा, केबिनचा, सोफ्याचाही मला कधी इतका हेवा वाटला नव्हता, जितका या खोट्याचा वाटला.

नवी क्लिप लावली. स्क्रू समोर ठेवला, कुणाचाही पाना पोचेल असा. बाबांना खरं सांगायला तोंड उघडलं नाही. गोल पुसायला फडकं घेतलं होतं, ते मात्र तसंच खांद्यावर टाकलं.