वासाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी

गेल्या हिवाळ्यातल्या एका सर्दीने तपासनीस आजोबांचं नाक जे बंद पाडलं, ते सर्दी गेली तरी कामावर रुजू झालं नाही. श्वास मजेत ये-जा करायचा, वास मात्र कशालाच नाही. साबण, चपला, फुलं, फिनेल, सगळं सारखंच. बसमध्ये तिकिटं तपासण्यात जन्म गेलेला हा माणूस म्हणायचा, "बरंच आहे की! एवढी वर्षं गर्दीत काढली, आता नाकालाही निवृत्ती."

पण एकदा लेक अंघोळीला गेली असताना दूध उतू गेलं, पातेलं करपलं, स्वयंपाकघरात धूर कोंडला, आतल्या खोलीत नात झोपलेली, आणि हे पुढच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले. लेक ओल्या केसांनी धावत आली. तिने त्याच दिवशी सांगून टाकलं, "बाबा, वास यायला लागेपर्यंत फुगीला एकटीला तुमच्यापाशी ठेवणार नाही. माझी रजा संपली की पाळणाघर."

फुगी म्हणजे ती नात. गालांनीच सगळा चेहरा व्यापलेला. तिच्यावर आजोबांचा भारी जीव.

म्हणून मोठ्या इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागातल्या संशोधनात ते नाव घालून आले. तिथे प्रत्येकाला नाक धुवायला एक बाटली मिळे. कुणाच्या बाटलीत औषध, कुणाच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालंय ते तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नसे. शिवाय मधूनमधून परीक्षा. स्केचपेनांसारख्या, एक ते सोळा आकडे घातलेल्या पेनांत सोळा वास भरलेले. पेन नाकाखाली धरायचं आणि चार नावांतलं एक निवडायचं. पहिल्या दोन परीक्षांत आजोबांनी अंदाजपंचे उत्तरं ठोकली आणि सपाटून आपटले.

लेकीची रजा संपत आली तसा त्यांचा धीर सुटला. बाहेरच्या बाकावर एक शिंपी आणि एक आचारी नेहमी भेटत. दोघांचीही नाकं हळूहळू ताळ्यावर येत होती. आजोबांनी गोड बोलून त्यांच्याकडून उत्तरं काढून घेतली, दोघांची ताडून पाहिली आणि बसचे थांबे पाठ करावेत तसे वास घोकले. एक संत्रं, दोन चामडं, तीन दालचिनी. विनातिकीट प्रवाशांना बखोटीला धरून खाली उतरवणारा माणूस आता स्वतःच फुकट निघाला होता. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण फुगी डोळ्यांसमोर आली की लाज पुढच्या थांब्यावर उतरून जाई.

तिसऱ्या परीक्षेत त्यांनी काय अभिनय केला म्हणता! डोळे मिटून, मान डोलावून, "अहाहा, पुदिना!" मासळीच्या वासाला तर रुमालसुद्धा नाकाला लावला.

डॉक्टरीणबाईंनी गुण मोजले आणि त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. ती नजर आजोबांच्या चांगल्याच ओळखीची होती. तिकीट विचारल्यावर खिसे चाचपणाऱ्याकडे ते स्वतः असेच पाहायचे.

"काका, पैकीच्या पैकी."

"मग झालं तर! वास येतो अशी लेकीसाठी तेवढी एक चिठ्ठी द्या, म्हणजे—"

"माझं नाक धडधाकट आहे. मला चौदा पडतात. आमच्या मोठ्या सरांना तेरा. सोळा या खोलीत आजवर कुणालाच पडले नाहीत."

थोडा वेळ खिसे चाचपल्यासारखं करून आजोबांनी सगळं कबूल केलं, फुगीसकट.

बाई रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. "तुमच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी असलं तर? आणि ते औषधाइतकंच गुणकारी आहे असं मी लिहून बसले असते तर? पुढे किती जणांचं नुकसान झालं असतं, काका!"

हे काही आजोबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मान खाली घालून म्हणाले, "पुन्हा घ्या परीक्षा."

बाईंनी पेनांवरचे आकडे झाकले आणि क्रम उलटासुलटा केला. पहिलं पेन, काही नाही. दुसरं, काही नाही. आजोबा प्रत्येक वेळी खरं तेच सांगत होते आणि पाळणाघर जवळ येत होतं. मग एक पेन नाकाखाली आलं आणि ते खुर्चीसकट मागे सरकले.

"शी! हे काय? कुजलेलं पोतं?"

"लिंबू."

"म्हणजे चुकलंच," ते पडेल आवाजात म्हणाले.

बाईंचे डोळे मात्र चमकले. "चुकू द्या हो! आत्तापर्यंत काहीच येत नव्हतं, आता चुकीचा का होईना, वास येतोय. बिघडलेलं नाक सुधारायला लागलं की बऱ्याचदा असंच वेड्यासारखं करतं. आज तुमचे गुण मातीत गेलेत, पण इतकी चांगली खूण मला तुमच्यात पहिल्यांदाच दिसली." त्यांनी सोळा गुण रद्द केले आणि खरे लिहिले. ते फारच थोडे होते.

घरी आल्यावर आजोबांनी लेकीला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. "तुम्ही? कॉपी?" म्हणत ती हसून हसून खाली बसली. मग हसता हसता थांबली.

"बाबा, ती चिठ्ठी आणली असतीत ना, तर मी विश्वास ठेवला असता."

"म्हणून तर आणायची होती."

ती उठली, फुगीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारपासून सांभाळा. गॅस मी खालून बंद करून जाईन, दूध थर्मासमध्ये असेल. धुरावर वाजणारी घंटी मिळते, तीही बसवून घेऊ. आणि काही झालं तर आजच्यासारखं खरं सांगायचं."

आजोबांनी फुगीच्या मऊ टाळूवर नाक टेकवलं आणि एकदम तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"जळलेल्या रबराचा वास येतोय गं हिला."

"शी! मग काढा ना नाक!"

"थांब गं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा एक खोल श्वास घेतला.