जाळीवरची घोंगडी

बहीण गाडीत बसली की इंजिन तापतं, हा शोध लातूरच्या मृत्युंजय अप्पांनी लावला होता. अप्पांचं भुसार मालाचं दुकान, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. आपण शकुन-अपशकुन मानत नाही, हे चारचौघांत सांगायची त्यांना भारी हौस. मात्र धाकटी बहीण सुकन्या विधवा होऊन माहेरी आली आणि तिच्यापुरतं ते सगळं मानायला लागले. कुण्या बुवानं तिच्या पायगुणावर तोडगा दिला होता. ती बसणार असेल तेव्हा गाडीच्या तोंडावर काळी घोंगडी बांधायची. घरच्या जुन्या जीपला पुढं मोठी जाळी होती. तिच्यावर अप्पा दुहेरी घोंगडी ताणून बांधत. तेव्हापासून गाडी तापायला लागली. मग अप्पा म्हणत, बघा, घोंगडीलाही आवरत नाही ही बाई.

त्या दिवशी त्यांच्या मुलाचा, सोमेशचा, धर्माबादला साखरपुडा होता. सोमेश मित्रांबरोबर पुढं गेला होता. जीपमध्ये अप्पा, त्यांची लेक शिवानी आणि सुकन्याआत्या. आई गेल्यावर दोन्ही लेकरांना आत्यानंच वाढवलं होतं. लोहा गावाच्या अलीकडे चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

अप्पा उतरले ते थेट रेडिएटरचं झाकण उघडायला. भौतिकशास्त्र शिकलेल्या शिवानीनं त्यांचा हात धरला. तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढंही या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. पायगुणाचं शास्त्र मात्र तोंडपाठ!

इंजिन गार झाल्यावर तिनं पाणी भरलं, पंख्याचा पट्टा पाहिला, नळ्या चाचपल्या. गळती कुठंच नव्हती. गाडी चालू करून ती पुढं आली, तर आतल्या पंख्याच्या ओढीनं घोंगडी जाळीला घट्ट चिकटली होती. वारा आत शिरायला जागाच नव्हती. ती गाठ सोडू लागली तसे अप्पा खवळले.

“हात लावू नको त्याला. दोष कुणाचा हाय ते मला ठाऊक हाय. सुकन्या, तू यष्टीनं माघारी जा. पोराच्या कार्यात तरी विघ्न नको.”

आत्या पिशवी घेऊन उतरली. शिवानीला बापाची किळस आली.

“उतरली न्हवं ती?” ती म्हणाली. “मग ऱ्हाऊ द्या घोंगडी अन् चालवा गाडी. काटा चढला न्हाई तर तुमचं खरं. चढला, तर आत्या पुढं बसंल.”

आत्याला रस्त्याकडेच्या हॉटेलात बसवून अप्पा मोठ्या ऐटीत निघाले. शिवानी शेजारी बसून काट्याकडे बघत होती. पुढचा चढ संपायच्या आत काटा पुन्हा लाल पट्ट्यात आणि बॉनेटमधून पुन्हा वाफ! या वेळी दोष द्यायला गाडीत कुणी नव्हतं. अप्पांनी गाडी कडेला घेतली. मग उतरले आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडली.

इंजिन गार करून दोघं आत्याला घ्यायला परत आले. ती पुढं बसली. तोच चढ, तेच ऊन. काटा मधोमध राहिला. अप्पा हळूच म्हणाले, चुकलं माझं.

“मला एकटीला सांगून काय उपेग, अप्पा? तिथं सोयऱ्यांपुढं मला मागं उभी करणार असशील, तर इथंच उतरते.”

अप्पांनी गाडी पुढं काढली. धर्माबादला मांडवात नवरीची ओटी भरायला सवाष्णींना हाका सुरू झाल्या, तेव्हा ते पुढं झाले. “पयली ओटी सुकन्या भरंल. माझी लेकरं तिनं वाढवली हायत.” बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ओटी भरून होईपर्यंत अप्पा तिथून हलले नाहीत.

वाचकहो, इंजिनाला वारा लागतो, पाणी लागतं. गाडीत विधवा बसली की सवाष्ण, हे त्याला कळत नाही. तो भेद आपण करतो, त्यावरचे खुळचट तोडगेही आपणच करतो आणि त्यातून जे बिघडतं त्याचं खापर तिच्याच माथी फोडतो. आपल्याही घरात अशी कुणी मागं उभी असेल, तर तिला आजच पुढं बोलवा.