राळ्याच्या शेतातली हाक

आमची बोली तीन गावांत सुरू होते आणि तिथंच संपते. नदी ओलांडली की पाणी मागायलासुद्धा दुसरी भाषा लागते. माझा भाऊ समंदर सहा वर्षांचा असताना मामाबरोबर जलालाबादला गेला, तिथलाच झाला आणि आमची बोली विसरला. बाबांचं अर्धं अंग गेलं, वाचा बसली, तेव्हा तीस वर्षांनी साहेब उगवले. आम्ही दोघं पश्तूत बोलायचो. त्याची फर्डी, माझी मोडकी.

"शुक्रवारी गाडी येतेय, ताई. बाबांना घेऊन जातो. शेरडं विकून टाकू."

"तिथं बोलतील कुणाशी ते?"

"आता बोलतात कुठं? इथं काय नि तिथं काय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेवटी मुलगा तो. आमच्यात शेत बायकांचं, शेरडं पुरुषांची. गोठ्यात मी जन्मात पाऊल टाकलेलं नाही.

शुक्रवारी दरी धुक्यानं काठोकाठ भरली. घरं दिसेनात, झाडं दिसेनात. बाबांना गच्चीवर घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं. खालून पाहिलं तर ते अधांतरीच बसल्यासारखे वाटत होते. बाबा पडल्यापासून शेरडं वर कड्यावरच मोकळी होती. घंटांचा आवाज तेवढा झिरपत येई. समंदर शीळ घालून, ओरडून दमला. एक शेरडू हललं नाही.

"प्रत्येक घराची हाक वेगळी असते, बाळा," शेजारचे दोदककाका पश्तूत म्हणाले. "माझ्या हाकेला तुमची शेळी शेपूटही हलवायची नाही. आणि संध्याकाळपर्यंत बर्फ पडणार."

म्हणजे सगळी गारठून मरणार. विकली गेली असती तर मी सोसलं असतं, पण हे नाही. मी आमच्या राळ्याच्या शेतात उभी राहिले, डोळे मिटले आणि बाबांची हाक घातली. चाळीस वर्षं खुरपताना ऐकलेली हाक! आवाज माझ्या गळ्यातून निघाला, पण माझा वाटेना. धुक्यात तो इकडून तिकडे तरंगत गेला.

"अगं मेहरू!" दोदककाका दचकले. बाईनं शेरडांना हाक घातलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

घंटा जवळ येऊ लागल्या. धुक्यातून आधी शिंगं आली, मग दाढ्या, मग साठच्या साठ शेरडं थेट माझ्या शेतात! कापणीला आलेला राळा करकर खाऊ लागली मेली. मी थांबले असते तर बिथरून परत फिरली असती, म्हणून वर्षाची भाकरी डोळ्यांदेखत जात असताना मी हाक देतच राहिले.

एवढ्यात वरून, धुक्यातून, वाकड्या तोंडाचा घोगरा आवाज आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मला रडू आवरेना.

समंदर धावत आला. "बाबा बोलले? काय म्हणाले?"

"म्हणाले, अरे हाकला त्या रांडेच्यांना, पोरीचा राळा खाल्ला!"

तो हसला. मग हसता हसता थांबला. गच्चीकडे पाहत राहिला. बाबा पुन्हा काहीतरी बोलले, त्याच्याचकडे बोट करून, आणि तो माझ्या तोंडाकडे बघू लागला.

मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, "आता सांग, तुझ्या जलालाबादेत हे कोण समजून घेईल?"

तो शेरडांमधून वाट काढत निघाला. मग खाली रस्त्याकडे गेला आणि गाडीवाल्याला परत पाठवून आला.